गोमाजीचं शिंग

एका खाडीच्या काठी एक गाव होतं. गावातली माणसं चांगली होती आणि त्यांना एक फार चांगली सवय होती. वाईट सवयीवर कुणीतरी ओरडतं, म्हणून ती कधी ना कधी सुटते. चांगल्या सवयीचं तसं नसतं. तिचं सगळे कौतुक करतात, आणि एक दिवस ती गळ्याशी येते.

ती सवय अशी. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावाने मातीचा लांबलचक बांध घातला होता. मोठ्या भरतीला तो कधीमधी फुटायचा. बांध फुटून पडलेल्या वाटेला तिकडे खांड म्हणतात. खांड दिसली की गावचा शिंगवाला शिंग फुंकायचा. शिंग वाजलं की प्रत्येक घरातून एक माणूस आणि चिखलाची एक पाटी बांधावर आलीच पाहिजे. जेवणारा ताटावरून उठायचा. भांडणारे भांडण अर्ध्यावर ठेवून पळायचे आणि खांड बुजवून आले की नेमके तिथूनच पुन्हा सुरू करायचे. ज्या घरची पाटी आली नाही, त्या घरचं पाणी वर्षभर कुणी प्यायचं नाही. आणि शिंग वाजल्याशिवाय बांधाला कुणी हात लावायचा नाही, हाही नियमच. नाहीतर जो तो आपल्यापुरता बांध बुजवतो आणि पाणी शेजाऱ्याच्या शेतात घालतो, हे गावाला चांगलं ठाऊक होतं.

शिंग होतं गोमाजीकडे. म्हशीचं, काळंभोर, बापआजाच्या हातांनी गुळगुळीत झालेलं. गोमाजीच्या घराण्याला शिंगाचा मान होता, पण जमिनीचा तुकडा नव्हता. सुगीला घरोघरून भात यायचं, त्यावर त्याचं घर चालायचं. त्याची बायको नागू मोठी फटकळ. ती म्हणायची, “मान लई हाय आपल्याला. खायाला तेवढा दुसऱ्याचा लागतो.”

बांधाच्या पलीकडे खाजण होतं. खाजण म्हणजे चिखलाची सखल जमीन, भरतीला पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी. तिथे तिवरांचं, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांचं, दाट रान होतं. भरतीचं पाणी खाडीतून रोरावत यायचं, त्या रानात शिरायचं, मुळामुळांतून पसरायचं, दमायचं आणि गुमान परत जायचं. चिखलात तिसऱ्या असायच्या, चिंबोऱ्या असायच्या, निवटे नावाचे मासे टुणटुण उड्या मारायचे. गावच्या खालच्या आळीतल्या बायका ओहोटीला पाट्या घेऊन जायच्या आणि दोन वेळचं कालवण घेऊन यायच्या.

एवढी मोठी जागा पाणी नुसतं बसायला वापरतं, हे गावाच्या डोळ्यांत खुपू लागलं. गावचा पाटील बामा. मनाचा वाईट नव्हता, पण मोकळी जमीन दिसली की त्याला स्वस्थ बसवत नसे. त्याने सभा घेतली. “तिवर तोडू, पुढं नवा बांध घालू, आत भात लावू,” तो म्हणाला. नको कोण म्हणतो! तिवरं तुटली, चुलीत गेली. खाजणापुढे नवा बांध उभा राहिला. आतल्या जमिनीला गाव नवं खार म्हणू लागलं. चिठ्ठ्या टाकून वाटे झाले आणि अगदी टोकाचा, खाडीला लागून असलेला वाटा गोमाजीला आला. पावसाने दोन-तीन वर्षं मीठ धुतलं आणि जमीन पिकली.

पहिल्या सुगीला नागूने स्वतःच्या शेतातला भात शिजवला. कालवण केलं नाही. ताट घेऊन उंबऱ्यावर बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी नुसता भात जेवली. तिला तसं जेवताना पाहून गोमाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते पुसलं आणि तोही तिच्या शेजारी ताट घेऊन बसला.

पण पाण्याची बसायची जागा काढून घेतली, म्हणून पाणी यायचं थांबतं थोडंच! ते आता खाडीच्या अरुंद पात्रात उभं राहू लागलं आणि गावच्या कडेने वर चढू लागलं. वर, म्हणजे खालच्या आळीत. आधी ते आळीच्या रस्त्यावर आलं. मग अंगणात आलं. मग एका उधाणाला बाळीबाईची चूल विझवून गेलं. बाळीबाई म्हणजे पाटलाची आत्या, विधवा, गुडघ्यांनी अधू. आयुष्यभर खाजणात तिसऱ्या वेचून जगलेली. आता वेचायला तिसऱ्या नव्हत्या, कारण खाजण गेलं होतं आणि खाडीत गाळ भरत चालला होता. मासे गेले. पाणपक्षी गेले. खालच्या विहिरीचं पाणी असं खारावलं, की डाळीत मीठ घालायचं राहून गेलं तरी कुणाला कळेना.

आणि नवा बांध! त्याच्यापुढे तिवरं नव्हती, त्यामुळे लाटा थेट त्याच्या छाताडावर बसायच्या. पूर्वी खांड पडायची एखाद्या वर्षी. आता दर पौर्णिमा-अमावास्येला धाकधूक. गोमाजीचं शिंग वाजतच राहिलं. गावाची झोप उडाली, जेवण गोड लागेना. चंद्र भरत आला की मोठी माणसंसुद्धा त्याच्याकडे बघायचं टाळू लागली. एका लग्नात वाजंत्र्यांनी हौसेने तुतारी फुंकली, तर सारा मांडव पाट्या घेऊन बांधाकडे पळाला. मागे राहिले नवरा-नवरी आणि अक्षता हातात घेतलेला भटजी. लोक पुढे ही गोष्ट हसून सांगायचे, पण त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं.

शेवटी पाटलाने पुन्हा सभा घेतली. आणि गंमत बघा, सभेत एकाचंही दुमत नव्हतं. नवं खार खाडीला परत द्यायला हवं, हे सगळ्यांना कळत होतं. पाणी पसरेल, तिवर उगवेल, खालची आळी वाचेल, जुना बांध शाबूत राहील. अगदी बरोबर! मग नवा बांध फोडायचा कुठे? जिथे फुटेल ते शेत आधी जाणार, बाकीच्यांना निदान उभं पीक काढता येईल, असा प्रत्येकाचा हिशेब होता. यावर मात्र जो तो दुसऱ्याच्या शेताकडे बोट दाखवू लागला. वादाला अंत लागेना, तेव्हा एक तोड निघाली. आपण फोडायचं नाही, समुद्रालाच फोडू द्यावं. पुढची खांड जिथे पडेल तिथे पडू द्यायची, शिंग वाजवायचं नाही, बुजवायची नाही. गावदेवीपुढे नारळ फुटला. सगळ्यांनी शपथ घेतली आणि हलक्या मनाने घरी गेले, कारण खांड आपल्याच शेताशी पडेल असं एकालाही वाटत नव्हतं.

पुढच्याच उधाणाला ती पडली लहानूच्या शेताशी. लहानू धावत आला आणि त्याने गोमाजीचे पाय धरले. “आवंदा नको रं. पुढल्या वर्षाला सोडू. पोरांच्या तोंडचा घास हाय.” गोमाजीने शपथ आठवली. मग लहानूची पोरं आठवली. आणि शिंग ओठाला लागलं. गाव धावलं. पाटी टाकताना कुणी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही.

दुसऱ्या खेपेला खांड पडली खुद्द पाटलाच्या शेताशी. पाटलाने पाय धरले नाहीत. तो नुसता बांधावर येऊन उभा राहिला आणि गोमाजीकडे बघत राहिला. गोमाजीने शिंग फुंकलं. पहिली पाटी पाटलाचीच पडली.

त्या संध्याकाळी बाळीबाई काठी टेकत गोमाजीच्या दारात आली. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं. ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, “गोमाजी, तुझा शिंग वाजतो ना, तवा माझ्या घरात पानी येतं रं.”

एवढंच बोलून ती गेली. गोमाजी ताटावरून उठला तो जेवलाच नाही. खांड बुजली की अडलेलं पाणी कुठे जातं, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि ओलं लुगडं दारात उभं राहणं वेगळं.

आश्विन आला. नव्या खारातलं भात पिवळं पडलं. नागूने विळे घासून ठेवले आणि कोजागिरी झाली की कापणी धरायची असं ठरवलं. पण कोजागिरीचं उधाण वर्षातलं सर्वांत मोठं. त्यातून वारा पश्चिमेचा सुटला. खालच्या आळीच्या मातीच्या भिंती आधीच्या पाण्याने फुगून मऊ झाल्या होत्या. या खेपेला पाणी उंबऱ्याच्या वर गेलं तर त्या भिंती राहणार नाहीत, हे आळीतलं शेंबडं पोरही सांगत होतं. लोक पोरंबाळं घेऊन देवळात जाऊन बसले. बाळीबाईला चढ चढवेना. “मी कुठं येतंय, तुमी जावा,” ती सुनेला म्हणाली. तिने भांडी माळ्यावर टाकली, चूल पेटती ठेवली आणि पाय वर घेऊन खाटेवर बसून राहिली.

भरती भर दुपारी होती. गोमाजी सकाळपासून नव्या बांधावर फेऱ्या घालत होता. पाणी चढत होतं. आभाळ स्वच्छ, ऊन लख्ख, आणि त्या लख्ख उन्हात पाणी इंच इंच वर येताना दिसत होतं. लहानूच्या शेताशी बांध धड होता. पाटलाच्या शेताशीही धड होता. गोमाजी टोकाला आला, स्वतःच्या शेताशी, आणि थबकला.

बांधाच्या आतल्या अंगाला चिंबोरीचं एक बीळ होतं. त्यातून करंगळीएवढी धार लागली होती.

करंगळीएवढी! गोमाजीने विचार न करता त्यावर टाच ठेवली. धार थांबली. नियम बाजूला ठेवला, तर शिंग वाजवायचीसुद्धा गरज नव्हती. दोन ओंजळी चिखल आणि थोडा पेंढा कोंबला असता तरी भागलं असतं. टाचेखाली पाणी धडधडत होतं. समोर त्याचं भात वाऱ्याने डुलत होतं, आणि डावीकडे लांबवर खालच्या आळीच्या कौलांतून एकाच घराचा धूर निघत होता. घर कुणाचं ते त्याला विचारावं लागलं नाही.

मी लहानूचं वाचवलं, पाटलाचं वाचवलं, मग माझंच का बुडवू? हा विचार गोमाजीच्या मनात आला. का येऊ नये? तो काही देव नव्हता. तो टाच दाबून उभा राहिला. घाम त्याच्या कानामागून ओघळत होता. पाणी चढत होतं. धूर निघत होता. शपथ सगळ्यांनी मोडली होती, मग त्याने मोडली तर त्याला कोण बोलणार होतं? कुणीच नाही. आणि तेच त्याला सोसवेना.

गोमाजीने टाच उचलली.

धार आधी मनगटाएवढी झाली. मग मांडीएवढी. बांधाची माती ढासळून पाण्यात विरघळू लागली. गोमाजी मागे सरला. मग तो खाली बसला. एवढ्यात मागून नागू आली, डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन. तिने बघितलं आणि गाठोडं तसंच डोक्यावरून खाली पडलं.

“अवो, शिंग! शिंग फुंका ना!”

गोमाजीने शिंगाला हात लावला नाही.

“फुंका म्हणते ना! आता आलं गाव तर बुजंल अजून. बसलाव काय असं?”

“लहानूच्या वेळी फुंकला,” गोमाजी म्हणाला. “पाटलाच्या वेळी फुंकला. दोन्ही खेपेला बाळीआत्येच्या घरात पानी गेलं.”

“मंग? लोकांचं वाचवलंव आन आपलं बुडवताव? आपल्या घराण्यात पहिलं शेत हाय ह्ये! माज्या हातानं लावलंय मी, काडी काडी!”

ती खरं तेच बोलत होती. गोमाजीने कमरेचं शिंग सोडलं आणि तिच्या हातात दिलं. “तुझ्या घामाचं भात हाय. तुला वाटत असंल तर तूच फुंक.”

नागूने शिंग हिसकावून घेतलं. ओठाला लावलं. छातीत वारा भरून घेतला. खांडीतलं पाणी आता तिच्या भाताच्या पहिल्या ओळीला लागलं होतं. लोंब्या आडव्या होत होत्या. तिने मान वळवली, कारण ते तिला बघवेना. मान वळली ती खालच्या आळीकडे. तिथे एका घरातून धूर निघत होता. वाऱ्याने तो वाकत होता, पण अजून निघत होता.

नागू तशीच उभी राहिली, छातीत वारा भरून. मग तिने तो सोडला. ती खाली वाकली, बांधाचा मूठभर ओला चिखल उचलला आणि शिंगाच्या तोंडात कोंबला. अंगठ्याने दाबून दाबून कोंबला, आत जाईल तेवढा. त्या वेळी ती ढसढसा रडत होती.

“घ्या,” ती म्हणाली. “आता मला पुन्ना वाटलं तरी वाजणार नाय.”

गावात सगळे पाट्या भरून दाराशी बसले होते. कान बांधाकडे होते. “वाजला काय?” “नाय अजून.” “आता वाजल.” दुपार चढली. वाजेना. न वाजणाऱ्या शिंगाची गावाला सवय नव्हती, त्यामुळे लोक जास्तच घाबरले. कुणी म्हणालं गोमाजी बुडाला. कुणी म्हणालं सगळाच बांध गेला. आणि खालच्या आळीत बाळीबाई खाटेवरून पाण्याकडे बघत होती. पाणी अंगणात आलं. पायरी चढलं. उंबऱ्याला लागलं. तिने डोळे मिटून गावदेवीचं नाव घेतलं. डोळे उघडले तेव्हा पाणी उंबऱ्यालाच होतं. मग ते बोटभर खाली गेलं. मग पायरीवरून उतरलं. उधाण तर अजून ओसरलं नव्हतं. मग पाणी चाललं होतं कुठे?

ते नव्या खारात चाललं होतं. आपल्या जुन्या जागी बसायला.

शेवटी न राहवून गाव बांधावर धावलं. बघतात तो नव्या खारात पाणीच पाणी. भाताचे नुसते शेंडे वर. एकट्या गोमाजीचं नाही, सगळ्यांचं. बायकांनी हंबरडा फोडला. पाटलाचा चेहरा लालबुंद झाला.

“गोमाजी! शिंग का नाय वाजवलास?”

गोमाजीऐवजी नागूनेच शिंग पुढे केलं. चिखलाने भरलेलं.

“आपण शपथ घेतली होती ना पाटील,” ती म्हणाली. “गावदेवीपुढं.”

“घेतली होती गं!” पाटील ओरडला. “पण ती पाळायची असं कोन म्हणालं होतं?”

शब्द तोंडातून गेले आणि पाटलाला ते स्वतःच्याच कानांनी ऐकू आले. कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. पाटलाने काडी घेतली आणि शिंगातला चिखल उकरायला सुरुवात केली. अजूनही चार पाट्यांत काम होण्यासारखं होतं. शिंग वाजलं असतं तर गावाने खांड बुजवलीच असती, कारण शिंगापुढे गावाचं डोकं चालत नसे, पायच चालत.

एवढ्यात बांधावरून काठीचा आवाज आला. बाळीबाई येत होती. अधू गुडघ्यांनी ती एवढं कशी चालली कोण जाणे. तिचं लुगडं कोरडं होतं. ती पाटलासमोर उभी राहिली, धाप टाकत.

“बामा,” ती म्हणाली, “आज माझी चूल विझली नाय.”

पाटलाच्या हातातली काडी थांबली. त्याने त्या कोरड्या लुगड्याकडे बघितलं. मग आपल्या बुडालेल्या शेताकडे. शेवटी त्याने शिंग न उकरता नागूच्या हातात परत दिलं आणि रिकामी पाटी उचलून घराकडे चालू लागला. शिंग वाजल्याशिवाय बांधाला हात लावायचा नाही, हा नियम होता. त्या दिवशी तो नियमच कामाला आला.

म्हणून सगळं लगेच गोड झालं असं कुणी समजू नये. त्या वर्षी बऱ्याच घरांनी गोमाजीला सुगीचं भात दिलं नाही. नागूने त्या हिवाळ्यात कंद उकडले आणि कोंड्याचा मांडा केला. लोक तिच्याशी बोलताना दुसरीकडे बघायचे. खांड रुंद होत गेली, पाणी आतबाहेर करू लागलं आणि खाडीचा गाळ हलू लागला. वरच्या अंगाला चार म्हातारी तिवरं उरली होती. त्यांचं बी पाण्याबरोबर वाहून आलं आणि खारात अडकलं. काही रुजलं, बरंच कुजलं. बाळीबाईच्या सांगण्यावरून खालच्या आळीतल्या बायकांनी बी गोळा करून चिखलात खोचलं. पहिल्या वर्षीचं सगळं वाहून गेलं. दुसऱ्या वर्षीचं शेळ्यांनी खाल्लं. तेव्हा गावाने नवा नियम केला. ज्या घरचं जनावर तिवरात शिरेल किंवा ज्या घरात तिवराची फांदी जळेल, त्या घरचं पाणी वर्षभर कुणी प्यायचं नाही. आणि पहिली शिरली कुणाची म्हैस? पाटलाची! नियम तो नियम. पाटलाने ते वर्ष मुकाट सोसलं आणि पुढच्या वर्षी स्वतःच राखणीला जाऊ लागला.

धाकधूक मात्र सरली नाही. रोपं गुडघ्याला लागली, कमरेला लागली, तरी दर उधाणाला गाव पाट्या भरून जुन्या बांधावर बसायचं. हे कोवळं रान लाट अडवील का, कुणालाच सांगता येत नव्हतं. रान डोक्याच्या वर गेलं त्या वर्षी समुद्रात मोठं वादळ उठलं. उधाण आणि वादळ एकदम आलं. लाटा अशा आल्या की बघणारे मागे सरले. बाळीबाई आता हयात नव्हती. तिच्या घरात तिची सून चूल पेटवून बसली होती. गोमाजी जुन्या बांधावर उभा होता. नागूने चिखल भरलेलं ते शिंग आणलं होतं. वेळ आलीच तर उकरता यावं म्हणून बरोबर काडीही आणली होती. सगळे काडीकडे बघत होते.

लाटा तिवरात शिरल्या. रान वाकलं, हललं, कडकडलं. आणि जुन्या बांधाच्या पायाशी जे पाणी पोचलं, त्याच्यात बांधाची माती हलवण्याएवढंही बळ उरलं नव्हतं. ते आलं, दमलं आणि गुमान परत गेलं. नागूने काडी मोडून टाकली.

त्यानंतर घराघरातून गोमाजीला पुन्हा भात येऊ लागलं, पूर्वीपेक्षा जास्तच. खालच्या आळीतून तिसऱ्या यायच्या. शेत मात्र त्याला पुन्हा मिळालं नाही. ते तिवराखाली गेलं होतं. सुगीचे दिवस आले की नागू बांधाच्या टोकाला जाऊन उभी राहायची. जिथे तिने काडी काडी लावली होती, तिथे आता निवटे उड्या मारत असायचे. एकदा राखणीला आलेल्या पाटलाने तिला तिथे बघितलं आणि विचारलं, “नागू, पस्तावतेस काय गं?”

“पस्तावते तर,” नागू म्हणाली. “दर कापणीला पस्तावते. उधाणाला मातर नाय.”

तात्पर्य: पाण्याची जागा पाण्याला परत द्यावी, हे साऱ्या गावाला पटतं. पण पटलेली गोष्ट स्वतःच्या शेतापासून सुरू करणारा कुणी निघतो, तेव्हाच खाडी वाचते आणि तिच्याबरोबर गावही वाचतं.